गेनूच्या वावराची लाइन

एका कारखान्याच्या मॅनेजरांनी एकदा माझ्यापुढे चक्क हात जोडले होते. गाड्यांचे सुटे भाग बनवणारा चांगला चालता कारखाना, चाकणच्या पट्ट्यातला. त्यांच्या फाटकासमोर आमची डीपी होती आणि डीपीवरच्या पाटीवर ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं, 'नादाराची पट्टी'. दुसऱ्या दिवशी बँकेचे अधिकारी कारखाना बघायला येणार होते.

"मॅडम, बँकवाल्यांनी गाडीतून उतरल्यावर पहिलं हेच वाचायचं का? निदान उद्याचा दिवस त्याच्यावर एक फडकं तरी बांधा!"

फडकं काही बांधू दिलं नाही. डीपीवर फडकं म्हणजे आगीला आवतण. पण त्यांना बसवलं, चहा पाजला आणि समजावलं की अहो, नादार तुम्ही नाही. इथे पूर्वी कोणी एक गृहस्थ होते. त्यांनी गुऱ्हाळ काढलं, ते बुडालं, गृहस्थ गाव सोडून गेले, आणि तेव्हापासून लोक त्या जमिनीला नादाराची पट्टी म्हणतात. मध्ये आणखी मालक होऊन गेले, पण त्यांची नावं कोणाला आठवत नाहीत.

"म्हणजे आम्ही कितीही नफा कमावला तरी?"

"तरी," मी म्हटलं.

ही नावं मला तोंडपाठ होती, कारण माझं कामच त्यांच्यावर चालायचं. मी वीजखात्याच्या सबस्टेशनमध्ये ऑपरेटर होते. "बाई असून खांबावर चढायचात?" असं लोक अजून विचारतात. खांबावर वायरमन चढतो. ऑपरेटर खोलीत बसतो, फोन घेतो आणि बटणं सांभाळतो. मोठ्या मनोऱ्यांवरून आलेली वीज आमच्याकडे उतरते आणि तिथून वेगवेगळ्या लाइनींनी गावोगाव जाते. वाटेत दोन खांबांच्या मध्ये जो भला मोठा डबा बसवलेला दिसतो, ती डीपी. वीज घरात शिरण्याजोगी करण्याचं काम तिचं. कुठे तार तुटली की वायरमन मला फोन करतो, मी ती लाइन बंद करते, बटणावर 'माणूस काम करत आहे' अशी लाल पाटी अडकवते आणि त्याला सांगते, चढा. याला आम्ही परमिट म्हणतो. परमिट ज्याने घेतलं त्यानेच ते खाली उतरून, स्वतःच्या तोंडाने परत द्यायचं. तोवर पुढारी फोनवर येऊ दे की लग्नातला नवरदेव घामाने निथळू दे, बटणाला हात लावायचा नाही.

कागदावर प्रत्येक डीपीला नंबर असतो. पण तार तुटून ठिणग्या उडत असताना कोणी नंबर सांगत नाही. लोक जागेचं नाव सांगतात, आणि आमच्या भागात जागेचं नाव म्हणजे कोणातरी माणसाचं नाव. मुल्लाचा मळा. पेन्शनराची बाग. जोशाची जिरायत. आता मुल्ला कुठे, जोशी कुठे! त्यांच्या जमिनींवर गोदामं, वजनकाटे आणि कामगारांच्या खोल्या उभ्या आहेत. तरी नाव त्यांचंच. खरेदीखताने जमीन हातात येते, नाव येत नाही. मालक जिवंत आणि हजर असेपर्यंत त्याच्या जमिनीला त्याच्या आधीच्याचं नाव असतं. तुमचं नाव लागायला हवं असेल तर तुम्ही तिथून जायला हवं, आणि तेही पुरेसं नाही. कोणाचं नाव ठेवायचं आणि कोणाचं गाळायचं ते गाव ठरवतं, आणि का ते सांगत नाही.

बाहेरून आलेल्यांना सुरुवातीला याची फार गंमत वाटे. पेन्शनराच्या बागेत आता उंच इमारती झाल्यात, नाव कुठल्याशा परदेशी शहराचं. तिथून एक बाई फोन करायच्या. मी विचारायची, "पेन्शनराची बाग ना?" त्या चिडून म्हणायच्या, "यहाँ कोई पेन्शनर नहीं रहता मॅडम, सब आयटीवाले हैं." पुढच्या उन्हाळ्यापर्यंत त्याच बाई सांगू लागल्या, "मॅडम, पेन्शनर की बाग में लाइट नहीं है." त्या पेन्शनराला त्यांनी पाहिलं नव्हतं, मीही पाहिलेलं नव्हतं. पण वायरमन लवकर यायला हवा असेल तर पेन्शनराचं नाव घ्यावं लागतं, एवढं त्यांना पक्कं कळलं होतं.

इथवर सगळं हसण्यावारी. पण एका नावासाठी मी भांडले आहे, आणि हे लिहायला बसले ते त्या भांडणासाठी.

मी दिघीची. वडील आकुर्डीला दुचाकीच्या कारखान्यात कामाला होते. आम्ही बौद्ध. वडिलांची घरात एक शिकवण होती. कोणी आडून आडून जात विचारली तर आपलं पूर्ण नाव सांगायचं आणि त्याच्या डोळ्यांत बघत राहायचं. मी आयटीआय केलं, परीक्षा दिली आणि या खुर्चीत येऊन बसले. रुजू होऊन थोडेच दिवस झाले असतील, एक फोन आला.

"सबस्टेशन का? गेनू म्हाराच्या वावरातली डीपी उडलीया."

माझी कानशिलं तापली. बोलणारा भांडायला आला नव्हता. त्याने पत्ता सांगितला होता, जसा त्याच्या आज्याने सांगितला असता तसा. त्यामुळेच जास्त राग आला.

"कोणाच्या वावरातली?" मी विचारलं.

"गेनू म्हाराच्या."

"ऐकू येत नाही. परत सांगा."

त्याने परत सांगितलं, ओरडून.

"'गेनूच्या' इथपर्यंत नीट येतंय. पुढचं येत नाही. फोन खराब आहे."

मग तो म्हणाला, "बरं. गेनूच्या वावरातली."

"आता आलं ऐकू," मी म्हटलं आणि वायरमन पाठवला.

तो फोन मी पुढे कित्येक वर्षं तसाच खराब ठेवला. गावातून कोणीही बोलो, सरपंच असो की शाळामास्तर, तो एक शब्द माझ्या तारेतून पलीकडून अलीकडे येतच नसे. आमचे सगळ्यात जुने वायरमन बबनराव. गावातलेच, जुन्या शेतकरी घरातले. त्यांनी मला एकदा समजावून पाहिलं.

"ताई, गावात तसंच म्हंत्यात. आमी काय वाईट म्हनून न्हाई म्हनत."

"मग चांगलं म्हणून म्हणता का?"

बबनराव हसले आणि मान खाजवली. पण पुढच्या वेळी त्यांनी परमिट मागितलं ते "गेनूच्या वावराची लाइन" असं म्हणूनच. डीपीची पाटी गंजली तेव्हा नवी पाटीही त्यांनीच रंगवली. हिरव्यावर पांढरं, 'गेनूचं वावर'. अक्षर वळणदार होतं आणि त्यांनी ते मला मुद्दाम दाखवायला नेलं. हळूहळू गावानेही तोच पाठ घेतला. रस्त्याला लागून असल्यामुळे बसचे कंडक्टरही तिथे गाडी थांबवताना "चला, गेनूचं वावर" असं ओरडू लागले. मला वाटलं, झालं आपलं काम.

हा गेनू कोण होता ते मला तोवर ठाऊक नव्हतं. ते सांगितलं त्याच्या मुलीने. गिरजाबाई तिचं नाव. ती पिंपरीला राहायची. तिच्या नातवाला चाकणला कंपनीत नोकरी लागली, त्याने बसच्या खिडकीतून पाटी वाचली आणि घरी जाऊन सांगितली. ती म्हातारी त्याच आठवड्यात आली. पाटीखाली उभी राहिली आणि तिथून चौकशी करत थेट सबस्टेशनला. पांढरी साडी, हातात छत्री, आवाज खणखणीत.

"पाटी कुनी लिव्हली?"

"बबनरावांनी. मी सांगितलं म्हणून," मी जरा घाबरतच म्हटलं. वाटलं, आता ही रागावते की काय.

ती खुर्चीवर बसली. मग तिने सांगितलं. तिचा बाप खडकीला कारखान्यात हमाली करायचा. त्या पैशातून त्याने हा माळ घेतला. कोणाला नको असलेला, नुसता दगड. विहीर त्याने स्वतः खोदली. आई आणि गिरजा टोपल्यांनी माती वर ओढत.

"पानी लागलं आन मग लोकांच्या डोळ्यात आलं," ती म्हणाली. "कोरडा व्हता तवा कुनी बगितला न्हाई. पानी लागल्यावर वाट बंद केली. बांधावरनं चालू देईनात, गाडी नेऊ देईनात. जवारी आत उभी आन आमी भाईर. दोन सुगीला पाखरांनी खाल्ली. मग बापानं इकून टाकलं. ज्यानं वाट अडीवली त्यालाच. दुसरा कोन घेनार? दुसऱ्यालाबी वाट न्हवतीच की."

वाट अडवणारा म्हणजे दत्तूशेठचा आजोबा. दत्तूशेठ हे त्या जमिनीचे आताचे मालक. बबनराव त्यांचे चुलतभाऊ. ते तेव्हा दारातच उभे होते. त्यांनी ते सगळं ऐकलं आणि ते गिरजाबाईंसाठी चहा सांगायला गेले.

उठताना गिरजाबाई म्हणाली, "त्येंनी समदं घेतलं, पन नाव तेवढं ऱ्हायलं बग. न्यायचं इसरले." आणि मोठ्याने हसली. मला मात्र हसू आलं नाही. ज्या गावाने त्याला वाट दिली नाही, त्याच गावाने त्याचं नाव टाकलं नाही, याचं काय करावं ते मला आजही कळत नाही. पण त्या दिवसापासून ती डीपी माझ्यासाठी इतर डीप्यांसारखी राहिली नाही. त्या माणसाची या जगातली एवढीच खूण उरली होती आणि ती माझ्या अखत्यारीत होती.

दत्तूशेठ स्वतः माझ्याकडे आले ते त्यानंतर काही वर्षांनी. पांढरा शर्ट, पायात साध्या चपला. जमिनीचे व्यवहार करून मोठा झालेला माणूस, पण उर्मट नव्हता. ते मला म्हणाले, "मॅडम, एक इनंती हाय. त्या पाटीवर वडलांचं नाव टाकायचंय. ज्ञानोबा तात्या मळा."

मी म्हटलं, "लोक तसं म्हणतात का?"

"लोक म्हनत न्हाईत म्हनून तर तुमच्याकडं आलो." ते खुर्ची ओढून बसले. "माझा बाप उभा जल्म त्या वावरात राबला. त्येनं फुलं केली, टमाटा केला. मेला बी तितंच, पान्याची दारं धरताना. आन मयताला आलेली लोकं इचारत व्हती, कुटं गेले? तर गेनूच्या वावरात. माझ्या तोंडावर. मला काय वाटलं आसंल?"

मला वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू, त्या माणसाचं दुःख खरं होतं. बापाने आयुष्य घातलं आणि मातीला नाव मात्र दुसऱ्याचं. पुढे ते म्हणाले की जमीन आता विकायची आहे, मुलं शेती करणार नाहीत, तेव्हा विकल्यावर तरी बापाचं नाव तिथे राहावं.

"शेठ," मी म्हटलं, "तुमच्या वडिलांना कोणी वाट अडवली नव्हती. त्यांचं नाव सातबाऱ्यावर आहे, तुमच्या बंगल्यावर आहे, देवळाच्या पायरीवर आहे. गेनूचं तेवढ्या एका पत्र्यावर आहे. ते मी काढणार नाही."

त्यांचा चेहरा उतरला. मग आवाज चढला. "मॅडम, सरकारनंच सांगितलंय, जातीची नावं काढा म्हनून. ते नाव जातीचंच हाय. गावात इचारा."

"जात मी कधीच काढली. आता राहिलाय तो माणूस. त्याला कशाला काढता?"

ते उठून गेले. पण शेठ लोकांना सबस्टेशनच्या वरही दारं असतात. आमचे साहेब तेव्हा नुकतेच विदर्भातून बदलून आले होते. सज्जन होते. वरून त्यांना फोन आला, अर्ज आला, अर्जात 'जातिवाचक नाव' असं छान शब्दांत लिहिलेलं. त्यांना त्यात वावगं काही दिसलं नाही, उलट चांगलंच काम वाटलं. आठवड्याभरात पाटी बदलली. निळ्यावर पिवळं, 'ज्ञानोबा तात्या मळा'. खाली दत्तूशेठनी हारही घातला. बबनरावांना ती लावायला सांगितली तेव्हा त्यांनी कंबर धरलीय म्हणून सुट्टी टाकली. दुसऱ्याच कोणीतरी ती लावली.

मी नवं नाव तोंडातून काढायचं नाही असं ठरवलं होतं. तेच जवळजवळ अंगाशी आलं.

एका दुपारी रस्ता रुंद करणाऱ्या जेसीबीचा धक्का लागून तिथला खांब वाकला. बबनरावांचा फोन आला, "ताई, गेनूच्या वावराची लाइन बंद करा." मी बंद केली, लाल पाटी अडकवली, ते चढले. इकडे दत्तूशेठकडे जमीन बघायला गिऱ्हाईक आलेलं. मांडव घातलेला, कूलर लावलेले, आणि वीज गेली. त्यांनी साहेबांना फोन केला, ज्ञानोबा तात्या मळ्यात लाइट नाही म्हणून. आता त्या जागेला वीज दोन बाजूंनी देता येते. एक आमच्याकडून, दुसरी हमरस्त्याच्या लाइनीवरून. मध्ये खांबावर एक मोठा स्विच आहे, तो ओढला की झालं. साहेबांनी दुसऱ्या वायरमनला त्या स्विचपाशी उभं केलं. आणि नियमाप्रमाणे मला विचारलं. नियमाने वागणारे होते म्हणूनच विचारलं.

"बाई, ज्ञानोबा तात्या मळ्याला दुसऱ्या बाजूने वीज देतोय. तुमच्याकडून तिथे कोणी चढलेलं नाही ना?"

माझ्या जिभेवर "नाही साहेब" आलं होतं. समोर लाल पाटी लोंबत होती, बबनराव वर आहेत हे मला ठाऊक होतं, पण ते गेनूच्या वावरात होते. ज्ञानोबा तात्या मळा असं काही माझ्या डोक्यात नव्हतंच. मी ते नाव आत येऊच दिलं नव्हतं. तोंड उघडलं आणि का कोण जाणे, निघालं ते वेगळंच.

"हा मळा कुठला साहेब?"

"अहो, दत्तूशेठचा. विहिरीजवळचा."

मी एवढ्या जोरात ओरडले की बाहेरचा वॉचमन आत धावत आला. "स्विचला हात लावू नका! बबनराव वर आहेत!"

फोनवर साहेब कोणालातरी थांब, थांब म्हणून ओरडताना ऐकू आले. मग बराच वेळ काहीच नाही. मी लाल पाटीवर हात ठेवून उभीच होते. शेवटी बबनरावांचा फोन आला. "ताई, झालं काम. उतरलो. परमिट परत घ्या." त्यांना काही पत्ताच नव्हता. मी त्यांना दोनदा बोलायला लावलं, नुसता आवाज ऐकायला. मग रडले, आणि मग लाइन चालू केली.

दुसऱ्या दिवशी सबस्टेशनमध्येच बैठक झाली. साहेब, दत्तूशेठ, बबनराव आणि मी. साहेबांचा चेहरा उतरलेला. दत्तूशेठ बबनरावांकडे बघत नव्हते. पण माणूस व्यवहारात मुरलेला, त्यांनी तोडगाही आणला होता.

"दोन नावं झाली म्हनून घोटाळा झाला ना? मग आता समद्यांनी एकच म्हना. नवं. जुनं बंद."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. तोडगा सोपा होता, कागदावर बसणारा होता.

मी म्हटलं, "साहेब, हुकूम मला द्याल, वायरमनांना द्याल. पण फोन करणाऱ्या गावाला कोण देणार? तार पडली की म्हातारी काय सांगणार, शाळेतली पोरं काय सांगणार? लोक जे नाव घेतात त्या नावानेच लाइन बंद होते. ते नाव गेनूचं आहे. ते मी ठेवलेलं नाही, यांच्या आजोबांच्या गावाने ठेवलंय. माझ्या शिफ्टला परमिट हवं असेल तर गेनूचं वावर म्हणायचं. मेमो द्यायचा तर द्या."

"बाई, जरा ऐका तर," साहेब म्हणाले.

तेवढ्यात बबनराव बोलले. ते बैठकीत कधी बोलत नसत.

"दत्ता, खांबावर मी चढतो. तुझा बाप तो माझा चुलताच व्हता. मानूस देवासारखा. पन काल त्येच्या नावानं मी मेलो आसतो. ज्या नावानं माझा जीव वाचतो त्येच नाव मी घेनार. तू पाटीवर काय बी लिव्ह."

दत्तूशेठ उठले आणि निघून गेले.

सरकारी खात्यात कोणी हरत नाही, कोणी जिंकत नाही, मधला रस्ता निघतो. दोन्ही नावं काढली आणि पाटीवर नुसता नंबर आला. नियम निघाला की सगळ्यांनी नंबर बोलायचा. मी तो बोलत नव्हते असं नाही. नंबर बोलायची, आणि त्याच्यापुढे "म्हणजे गेनूचं वावर" असंही बोलायची. प्रत्येक वेळी. मेमो आला. उत्तर दिलं. दुसरा आला. त्यालाही तेच उत्तर दिलं. वर्षभर माझी बढती अडली. अडली तर अडली. माझ्या बरोबरीच्या बाया म्हणायच्या, एका मेलेल्या माणसासाठी कशाला डोकं फोडून घेतेस? मी म्हणायची, तो मेलेला आहे म्हणूनच. जिवंत असता तर त्याचा तो भांडला असता.

गिरजाबाई पाटी गेल्याचं कळल्यावर एकदा आली. मी तिची माफी मागायला लागले तर तिनेच मला गप्प केलं. "पाटी कशाला पायजे? येताना कंडक्टर काय वरडला, ऐकलं न्हाईस का तू?" असं म्हणाली आणि पिशवीतून माझ्यासाठी आणलेली शेंगदाण्याची पोळी काढली.

त्यानंतरची गोष्ट. दत्तूशेठनी रस्त्याकडची जमीन गोदामवाल्याला विकली आणि मागचा, विहिरीकडचा तुकडा स्वतःला ठेवून तिथे घर बांधलं. माझ्याशी त्यांनी बोलणं टाकलं होतं. वीज गेली तर नोकर फोन करायचा आणि नंबर सांगायचा, पाठ केल्यासारखा.

माझ्या निवृत्तीला थोडेच दिवस उरले होते. एका सकाळी फोन वाजला. वाऱ्याचा आवाज आणि त्यात एक माणूस श्वास न घेता बोलत होता.

"मॅडम, तार तुटलीया, अंगनात पडलीया, जिती हाय, ठिणग्या उडत्यात. बायको कापडं वाळत घालत व्हती, तारंच्या पलीकडं आडाकलीया. खाली समदा चिखूल हाय. हलू नगं म्हनलंय तिला. बंद करा, लवकर बंद करा!"

आवाज मी ओळखला. पण आवाजावरून लाइन बंद करता येत नाही. "कुठली डीपी?"

नंबर त्यांना आठवला नाही. बापाचं नाव घ्यायचं त्यांना सुचलंही नसेल.

"गेनूचं वावर!" ते ओरडले. "गेनूचं वावर, मॅडम!"

मी बटण दाबलं. "बंद केली. पण त्यांना हलू देऊ नका अजून."

तार खाली पडलेली असली की लगेच माणसाला तिथून पाऊल टाकू द्यायचं नाही. कुठली लाइन बंद झाली ते आधी समोरच्याकडून परत वदवून घ्यायचं, म्हणजे चुकून शेजारची बंद केली असं होत नाही. तसं मी सांगितलं. पलीकडे बाईच्या रडण्याचा आवाज येत होता. शेठ धापा टाकत होते.

"सांगा शेठ. कोणती लाइन?"

आता ओरडायची गरज नव्हती.

"गेनूच्या वावराची," दत्तूशेठ म्हणाले.

"बरोबर," मी म्हटलं. "आणा त्यांना अलीकडे."